घरातला क्लास

काका व्हॅनमधून मुलांना शाळेत ने-आण करायचे. मुलं त्यांना व्हॅनकाका म्हणत, म्हणून त्यांच्या बायकोला सगळी गल्ली व्हॅनकाकू म्हणायची. वास्तविक काकूंनी उभ्या जन्मात व्हॅन चालवली नव्हती. त्या घरी शिवणकाम करायच्या: पँट आखूड करणं, झिपा बदलणं, उसवलेलं सांधून देणं. व्हॅनशी त्यांचा संबंध एवढाच, की सीटची कव्हरं त्यांनी शिवली होती आणि मागच्या बाकावर एखादं पोर ओकलं, तर ती धुण्याचं कामही त्यांच्याच वाट्याला यायचं.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अगदीच गेली असं नाही, एक शब्द उरला. ‘हो.’ चहा देऊ का? हो. पंखा बंद करू? हो. डॉक्टर म्हणाले होते, “बोलणं येईल तेव्हा येईल. समज किती शाबूत आहे, ते हळूहळू लक्षात येईल.” काकूंनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्याकडे कानाडोळा केला.

व्हॅन दाराशी ताडपत्रीखाली उभी होती. एक दिवस धाकटे दीर येऊन तिच्या चाकावर लाथ मारून बघू लागले.

“वहिनी, उभ्या गाडीला गंज खातो. गिऱ्हाईक आहे तोवर देऊन टाकू.”

“चालली तर नाही खाणार.”

“चालवणार कोण?”

“मी.”

दीर हसले. “अहो, शिवणयंत्र पायानं चालतं म्हणून गाडीही चालेल असं नाही.”

“चालेल की नाही ते बघू. भावोजी, तुम्ही चहा घ्या आणि त्या चाकाला सोडा.”

काकूंच्या मनात एक चित्र पक्कं बसलं होतं. स्टेअरिंगवर आपण, शेजारच्या सीटवर काका, मागे मुलांचा गोंगाट. आपलं चुकलं की काका डाव्या हातानं मांडीवर थाप मारतील, बरोबर असलं की हो म्हणतील. माणूस खुर्चीत बसून झिजण्यापेक्षा आपल्या गाडीत बसलेला बरा. मुख्याध्यापिकाबाईंनी सुट्टीनंतर शाळा पुन्हा उघडेपर्यंत काकांच्या व्हॅनमधली मुलं दुसऱ्या कुणाला न देण्याचं कबूल केलं होतं. अडचण एकच होती. आधी शिकाऊ लायसन्सची परीक्षा पास व्हायची, मगच गाडीला हात लावायचा.

ड्रायव्हिंग क्लासच्या मालकानं प्रश्नांची झेरॉक्स दिली. “यात नुसते प्रश्न आहेत, काकू. उत्तरं क्लासमध्ये शिकवतो. रोज सकाळी या.”

“नको. आमच्या घरातच क्लास आहे.”

“काका आहेत म्हटल्यावर बघायलाच नको,” तोही म्हणाला.

रोज दुपारी यंत्रावर कापड टाकून काकू काकांसमोर बसायच्या. प्रश्न वाचायचा, रहदारीची खूण दाखवायची, आपल्याला वाटेल ते उत्तर सांगायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं. हो यायचाच. पण काकूंना त्यात फरक ऐकू येऊ लागला. आखूड, ठाम हो आला की उत्तर बरोबर. लांबलेला, खालच्या पट्टीतला आला की पुन्हा विचार कर. मग त्या उत्तर बदलायच्या, आखूड हो येईपर्यंत. काकाही या वेळेची वाट बघत. काकूंना उशीर झाला की डावा हात खुर्चीवर आपटत.

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं दोनचारदा बघितलं आणि राहवेना म्हणून बोलली, “आई, बाबा सगळ्यालाच हो म्हणतात. उत्तरं दुसऱ्या कुणाला तरी दाखव.”

“तुला कळत नाही, मला कळतो फरक. आणि सगळ्या संसारात मला एकदाही हो म्हणाले नाहीत. आता म्हणतायत तर म्हणू दे की!”

लेक हसली. काकाही हसले.

परीक्षेच्या खोलीत कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते. पहिला प्रश्न दिसला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. तेच प्रश्न, त्याच खुणा. अरुंद चढावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी आधी कोणाला जाऊ द्यायचं? उतरणाऱ्या गाडीला. काकूंनी बटण दाबलं. पडद्यावर लाल फुली आली आणि खाली बरोबर उत्तर: चढणाऱ्या गाडीला. यंत्राचंच काहीतरी चुकत असेल, असं त्यांना वाटलं. पुढच्यालाही फुली. त्याच्या पुढच्यालाही.

मग लाल त्रिकोणातल्या दोन मुलांची ती खूण आली.

घरी काकू आधी ‘शाळा’ म्हणाल्या होत्या. हो लांबला होता, म्हणून त्यांनी ‘खेळाचं मैदान’ म्हटलं. त्यावर कसा स्वच्छ हो आला होता. आताही त्यांनी मैदानच निवडलं. फुली आली. खाली लिहून आलं: पुढे शाळा आहे.

ही पाटी काकांच्या रोजच्या वाटेवर होती. सकाळी जाताना आणि दुपारी मुलं आणायला गेल्यावर.

“काकू, वेळ चाललाय. पुढचं दाबा,” देखरेख करणारा कारकून म्हणाला. काकूंचा हात मांडीवर होता, तो तिथेच राहिला. “पहिल्यांदा बरेच जण राहतात हो,” तो समजुतीनं म्हणाला. “पुन्हा बसता येतं.”

घरी येऊन चप्पलही न काढता त्यांनी ती झेरॉक्स काकांसमोर धरली.

“अहो, ही खूण आपल्या शाळेपाशीच आहे ना?”

“हो.”

“दवाखान्याची ना ही?”

“हो.”

“पुढे विहीर आहे, सरळ गाडी घाला, असं सांगते ना ही?”

“हो,” काका म्हणाले आणि आपल्याला कुणीतरी विचारलं म्हणून तोंडभर हसले. एक हो आखूड होता, एक लांब. त्याला काही कारण नव्हतं.

संध्याकाळी लेक आली. “काय झालं, आई?”

“राहिले.” काकू पाण्याचा ग्लास हातात धरून बसल्या होत्या. “तू म्हणत होतीस ते बरोबर होतं.”

लेकीनं पर्स खाली ठेवली. या एका बाबतीत आपण चुकावं, अशीच तिचीही इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू क्लासमध्ये लेकीहून लहान पोरांमध्ये जाऊन बसल्या.

“काय, घरचा क्लास बंद?” मालकानं विचारलं.

“चालू आहे,” काकू म्हणाल्या. “तो दुपारी असतो.”

आणि खरोखरच, दुपारी काकांचा हात खुर्चीवर आपटायला लागला तेव्हा त्यांनी यंत्रावर कापड टाकलं आणि समोर जाऊन बसल्या. कागदावर आता सकाळी शिकलेली उत्तरं लिहिलेली होती. काकूंनी प्रश्न वाचला, उत्तर सांगितलं. काका मान डोलवून हो म्हणाले. तो आखूड होता की लांब, हे काकूंनी ऐकलं नाही. बोट ओळीवर ठेवून त्या पुढचा प्रश्न वाचत होत्या.