तिकिटावरचं आडनाव

बासमती रामधनी. आधी तिचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. हसू नका. गयानाकडच्या आपल्या लोकांत बायकांचं हे नाव असतं. ती स्वतःच ओळख करून देताना म्हणते, तांदूळ असतो ना, तेच. तिच्या पणजोबांना कधीतरी बोटीत घालून ऊस तोडायला नेलं होतं. तिला हिंदी येत नाही. मला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. तरी ती मला तिच्या गाडीत बसवून टोरोंटोजवळ एटोबिकोला, तिच्या घरी घेऊन आली. ती नसती तर मी आज हे लिहायला कुठे असते, ते मला माहीत नाही.

आता विमानतळाचं.

बफेलोचा विमानतळ आहे अमेरिकेत, पण गाड्या लावायच्या जागेत बघावं तर निम्म्या गाड्या आमच्या कॅनडातल्या, ओंटारिओच्या. टोरोंटोहून अमेरिकेत उडायचं तर तिकीट महाग पडतं. तीच माणसं गाडीने सीमा ओलांडून बफेलोला गेली, की अमेरिकेतल्या अमेरिकेत उडतात आणि तिकीट स्वस्त होतं. टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागातल्या मराठी घरांत हे लहान पोरांनाही ठाऊक. गणपतीच्या जेवणाला पुरुष ताट घेऊन उभे राहिले की हेच. कोणाला कुठल्या वेबसाइटवर काय सापडलं, कोणी मंगळवारचं घेतलं, कोणी डेट्रॉइटला विमान बदललं. मी पुऱ्या वाढायची आणि ऐकायची.

त्या दिवशी काउंटरवरचा माणूस माझा पासपोर्ट बघत होता आणि समोरच्या कॉम्प्युटरचा पडदा बघत होता. पुन्हा पासपोर्ट. मग त्याने माझं आडनाव मोठ्याने वाचलं. चुकीचं वाचलं. परत वाचलं. या वेळी बरोबर.

मी ज्यांना सांभाळायची त्या आजी शेजारी चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, नेहमी असायचा तसा. त्यांनी तो काढला. झटकला नाही. सावकाश काढला आणि शालीच्या आत घेतला.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते. मनगटाला जरा गार लागलं, एवढंच.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. पुण्यात आजींना सांभाळायचं काम होतं. अंघोळ, औषधं, जेवण, रात्री उठवणं. आजींचा मुलगा मिसिसागात सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी आईला कॅनडात आणायचं ठरवलं तेव्हा आजी म्हणाल्या, ही येत असेल तर येते. म्हणून मी आले. इथे साहेब-बाईसाहेब म्हणायचं नाही, दादा आणि वहिनी म्हणायचं, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. आपण घरचेच, म्हणाले. मला बरं वाटलं. बेसमेंटमध्ये खोली दिली, हिटर दिला, जाड कोट दिला. मी उपकार मानत होते. आजही कोटाचे मानते.

माझा पासपोर्ट काढायचं चाललं होतं तेव्हा वहिनी सुट्टीवर पुण्याला आल्या होत्या. त्यांनी कागदावर माझं आडनाव पहिल्यांदा वाचलं. तोवर मी सगळ्यांसाठी नुसती नावानेच होते. आमच्या आडनावात गावाचं नाव आहे. ज्यांना कळायचं त्यांना त्या एका शब्दात सगळं कळतं. वहिनींनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं. फक्त आजींना सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. आजींना मी भरवायची, पुसायची. त्यांच्या देवांचं तबक घासायची. माझ्या हातचं त्यांना आवडायचं. त्यांनी कधी विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं असेल की विचारण्यासारखं काही नाही.

मग डॅलसचं लग्न आलं. वहिनींच्या बहिणीच्या मुलीचं. डॅलस म्हटल्यावर माझं काळीज हललं. माझा धाकटा भाऊ तिथे एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. मी पुण्यात असतानाच तो तिकडे गेला. आई वारली तेव्हा आम्ही दोघंही घरी नव्हतो, तो तिकडे आणि मी इकडे. फोनवर रडलो आणि फोनचं कार्ड संपलं. माझं म्हणावं असं आता तेवढंच एक माणूस. वहिनी म्हणाल्या, आजींना तुझ्याशिवाय नेता येणार नाही, तू चल, लग्न झालं की एक दिवस तुला भावाकडे सोडू. अमेरिकेचा व्हिसा त्यांनीच काढून दिला. मी भावासाठी शेंगदाण्याची चटणी केली. आई करायची तशी, लसूण जास्त.

तिकिटं दादांनी शोधली. आठवडाभर रोज जेवून झालं की लॅपटॉप घेऊन बसायचे. पण नावं भरली वहिनींनी. तिकडे लग्नघरी वहिनींची बहीण सगळ्यांच्या विमानांची यादी करत होती. कोणाला कधी आणायला जायचं त्यासाठी. ती यादी ईमेलने सगळ्या नातेवाइकांना जाणार होती, आजींच्या माहेरच्यांनाही. त्यात माझं आडनाव नको, म्हणून वहिनींनी माझ्या नावापुढे त्यांचं स्वतःचं आडनाव टाकलं. तिकीटसुद्धा त्याच नावाने निघालं. इतकी शिकलेली बाई. पण लपवायची सवय अशी असते, की पासपोर्ट कोणी उघडून बघेल हे डोक्यातच आलं नाही. पासपोर्ट त्यांच्याच पर्समध्ये असायचा. माझाही. हरवशील म्हणून.

तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, नाव जुळत नाही. वाईट नव्हता तो. वहिनींना म्हणाला, लग्नानंतरचं नाव आहे का? तसं असेल तर वरच्यांना विचारून बघतो. वहिनी लगेच म्हणाल्या, हो, ही माझी जाऊ. त्याने माझ्याकडे बघितलं. तिलाच विचारतो म्हणाला. हे तुझं नाव आहे का?

वहिनी माझ्या कानाशी आल्या. आवाज अगदी गोड होता.

"हो म्हण. भावाला भेटायचंय ना? आणि आमचं नाव लावून तुझं काय कमी होणारे? उलट नशीब समज."

मी आजींकडे बघितलं. आजी समोर बघत होत्या. हात शालीत.

हो म्हटलं असतं तर तीन-चार दिवसांत भाऊ दिसला असता. हे मला त्या क्षणी माहीत होतं. चटणीची बरणी बॅगेत होती. मला राग आला होता असं मी सांगू शकत नाही. राग नंतर कधीतरी आला. तेव्हा अंगात काहीच नव्हतं. पाय बधिर होतात तशी सगळी मी बधिर. फक्त एक दिसत होतं, माझा पासपोर्ट काउंटरवर उघडा पडलेला. त्यात माझा फोटो आणि खाली माझ्या बापाचं नाव.

मी म्हणाले, "नो. नॉट माय नेम."

मग पासपोर्टवर बोट ठेवलं. "धिस. धिस माय नेम."

तेवढंच इंग्रजी होतं माझ्याकडे. पुरलं.

त्या माणसाने खांदे पाडले. मग या तिकिटावर जाता येणार नाही, म्हणाला. नवीन काढावं लागेल. आता लगेचचं नवीन तिकीट म्हणजे स्वस्त शोधण्याचा सगळा खटाटोप पाण्यात. दादा घड्याळ बघत होते. दादा कधी कोणाला दुखवत नाहीत. ते म्हणाले, ठीक आहे, ही बसने परत जाईल, घर तरी बघेल. वहिनींनी काउंटरवरच्या पासपोर्टसाठी हात पुढे केला. मी तो आधी उचलला.

"दे इकडे. हरवशील."

मी दिला नाही. ब्लाउजमध्ये घातला. सगळ्यांदेखत.

तेव्हा आजी बोलल्या. माझ्याशी नाही, मुलाशी.

"मग मला बाथरूमला कोण नेणार?"

एवढंच बोलल्या. त्यांचा तो प्रश्न खराच होता. दादांनी खुर्ची ढकलली आणि ते सगळे आत गेले. माझ्या नावावरच्या बॅगेत लग्नाच्या साड्या होत्या. ती त्यांनी स्वतःच्या नावावर नेली. चटणीची बरणी त्यातच गेली. लग्नघरी कोणी खाल्ली असेल तर चांगलीच लागली असेल.

दादांनी हातात ठेवलेल्या नोटा घेऊन मी बाकावर बसले. किती वेळ, माहीत नाही. बासमती तिच्या मुलाला फ्लोरिडाच्या विमानात बसवायला आली होती, तीही त्याच स्वस्ताईच्या हिशेबाने. काउंटरवरचं तिने सगळं पाहिलं होतं, असं का झालं ते कळलं नव्हतं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "टोरोंटो?" मी मान हलवली. ती म्हणाली, "कम, गर्ल." मी चाळिशीची होते. मला गर्ल म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. उठले आणि गेले.

मी मिसिसागाला राहायला परत गेले नाही, बासमतीकडेच राहिले. सामान आणायला गेले तेव्हा बासमती दारात उभी राहिली. वहिनी तिच्यासमोर इंग्रजीत खूप बोलल्या. मला मराठीत एकच वाक्य म्हणाल्या, "तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं?" मी म्हणाले, केलंत. खोटं नव्हतं ते. कोट घालूनच मी बाहेर पडले. आजींच्या खोलीचं दार बंद होतं.

दुसरं काम मिळायला, कागद नवे व्हायला हिवाळा गेला. रोज वाटायचं, आता परत पाठवतील. मिल्टनला एका गोऱ्या म्हातारीकडे काम लागलं. तिला माझं आडनाव म्हणताच येत नाही. रोज म्हणून बघते.

पहिली सुट्टी मिळाली तेव्हा बासमती मला लायब्ररीत घेऊन गेली. तिथे कॉम्प्युटर फुकट असतात. तिने सगळं दाखवलं. टोरोंटो टाकायचं नाही, बफेलो टाकायचं. शुक्रवार-रविवार सोडायचे. डॅलसला दोन विमानतळ आहेत, दोन्ही बघायचे. मध्ये विमान बदलायला भ्यायचं नाही, पाट्या वाचायच्या, वाचता नाही आल्या तर नंबर वाचायचे. स्वस्त दिसलं की लगेच बटण दाबायचं नाही, बॅगेचे वेगळे लावतात का ते बघायचं. मी वहीत नाही, डोक्यात ठेवत होते.

मग नावाचा रकाना आला. तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"पासपोर्ट बघ आणि तूच टाइप कर. एकेक अक्षर."

मी एका बोटाने केलं. आडनावापाशी बोट थांबलं. तिने विचारलं, काय आहे या नावात? मी तोडक्या भाषेत सांगितलं जमेल तसं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, आमची म्हातारी सांगायची की हे सगळं समुद्रात बुडालं. मग म्हणाली, सगळं नाही बुडालं. आणि मग तिने सांगितलं की रामधनी हे आडनावच नाही. ते तिच्या पणजोबांचं नाव. कारकुनाने लिहून टाकलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. खरं काय होतं ते तिला माहीत नाही. विचारायला कोणी उरलं नाही.

"तुला तुझं माहितीये," ती म्हणाली. "टाक."

मी टाकलं. कार्ड तिचं वापरलं, माझ्याकडे नव्हतं. ते पैसे मी पुढच्या पगारात दिले. तो हिशेब मिटला. मी सांगतेय तो वेगळा.

बफेलोच्या काउंटरवर या वेळी बाई होती. तिने पासपोर्ट बघितला, पडदा बघितला आणि तिकीट दिलं. एक शब्द नाही. मी तरी तिथेच उभी. तिने पुढच्या माणसाला बोलावलं तेव्हा हलले.

डॅलसला भाऊ घ्यायला आला होता. केस पिकलेत. त्याने मला धरलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "ताई, एक सांगायचंय. मालकाच्या कागदावर आपलं आडनाव आहे. पण खोलीवर मी पाटील आहे. तू नुसती ताई राहा."

मी बाहेर बघत राहिले. रस्ते खूप रुंद होते.

खोलीवर चार स्वयंपाकी राहतात. एक सोलापूरकडचा होता. त्याने मटण केलं होतं. मायेने वाढलं, ताई ताई करत. मग आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय. म्हणजे सासरचं, म्हणाला, माहेरचं तर पाटीलच ना. भाऊ ताटात बघत होता. त्याचे कान मला आईसारखे दिसले.

मी म्हणाले, माझं लग्न झालेलं नाही. आणि आडनाव सांगितलं. पूर्ण, पासपोर्टवर आहे तसं.

कोणी उठलं नाही. सोलापूरकराने पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायला उचलला होता. तो त्याने खाली ठेवला. मी खालचा उचलून प्यायले.

दुसऱ्या दिवशी भाऊ विमानतळावर सोडायला आला. मी उतरताना म्हणाला, "मला इथे राहायचंय अजून, ताई."

"मलाही," मी म्हणाले.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी दर रविवारी करते. वाजत राहतो. करणं मी बंद करणार नाही, आणि सांगितलं ते परतही घेणार नाही.

बासमतीने अजून भारत पाहिलेला नाही. गाव कोणतं ते माहीत नाही, तर जाऊ कुठे, म्हणते. मी ठरवलंय. तिचं तिकीट मी काढणार. माझ्या कार्डाने. ती शेजारी बसेल आणि नाव मी टाइप करेन, तिला विचारत, एकेक अक्षर. मी बरोबर जाईन. तिकडे कोणीतरी विचारेलच तिला, रामधनी म्हणजे कोण तुम्ही? तेव्हा मी पुढे होईन आणि आधी माझं सांगेन.