डोळे वर म्हणजे हो

पिरंगुटच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. मुलीची मान त्यांनी तळहातावर तोलून धरली होती. पोरगी मात्र महाबडबडी! माझ्या मिशा बघून म्हणते, "ह्या खऱ्या हायेत?" मी राजासारखा पीळ दिला. असा प्रेक्षक मिळाला की मी सुटतोच.

"भूक लागली का गं?" आईने मध्येच विचारलं.

"लई!"

"तोंडानं न्हाई. डोळ्यानं सांग."

मुलीने डोळे वर केले. वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही.

"अहो ताई, एवढा गोड पोपट, त्याचं तोंड कशाला बंद करताय?" मी म्हणालो.

त्या चिडल्या नाहीत. "आधी पाय ग्येले, मग हात. ह्यो आजार मागं फिरत न्हाई, दादा. वाचाबी जानार. शाळंतल्या म्याडम म्हनल्या, बोलतीया तवरच ह्ये शिकवून ठेवा."

मग मीही त्या शिकवणीत घुसलो. मी हत्ती आहे का? डोळे मिटले. माकड आहे का? डोळे झटकन वर! आम्ही तिघंही हसलो.

हसता हसता मुलगी थांबली.

"आये, तू इचारलंस तर मी सांगीन. पन मलाच कायतरी इचारायचं असलं तर?"

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, पुन्हा सारले. मग माझ्याकडे पाहिलं, जणू एवढं बोलणाऱ्या माणसाला तरी ते ठाऊक असेल.