बाबाने न दिलेला सॅक्सोफोन

नवा सॅक्सोफोन घ्यावा की जुना, हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. घरात वाजा असताना दुकानाची पायरी कशाला चढायची? बाबाचा सोप्रानो सॅक्सोफोन होता ना, सरळ नळीचा. शिरगावच्या आमच्या कोळीवाड्यात हळद असो की वरात, गाणं त्या सोप्रानोने गायचं आणि बाकीच्या बँडने त्याच्या मागून चालायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून, लग्नाला वाजवायला निघायच्या आधी बाबा मला म्हणायचा, "बाय, वाजा तापव." थंड वाजा सुरात लागत नाही. त्याची आंघोळ होऊन बँडचा कोट अंगावर चढेपर्यंत मी ओटीवर बसून फुंकत राहायचे. तापवता तापवता सगळी गाणी माझ्या बोटांत उतरली. शिकवलं कोणी नाही. तापवायला मुलगी चालत होती, वाजवायला ने असं म्हटलं की सगळे हसायचे. मीही हसायचे, मूर्खासारखी.

लग्न होऊन सरावलीला आले. नवरा साताऱ्याकडचा, बोईसरला कंपनीत, आणि मी तिथेच एका गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. मग बाबाचे पुढचे दात पडले. कवळी बसवली, पण कवळीने भाकरी चावता येते, सॅक्सोफोन धरता येत नाही. बँडमधली त्याची जागा रिकामी झाली. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि आमची कोळीवाड्याची गाणी येणारा दुसरा माणूस मिळेना. शेवटी बँडचे मास्तर स्वतः माझ्या घरी आले. "तुला सगली गाणी येतात," म्हणाले, "पुढच्या हळदीला ये. जमलं तं जागा तुझी."

बायकोची जागा, सुनेची जागा, आईची जागा, या सगळ्या मला न मागता मिळाल्या होत्या. ही एक मला मनापासून हवी होती.

त्याच संध्याकाळी मी शिरगावला गेले. बाबा म्हणाला, "नवा घे."

"का? तुझा आहे की."

"तो तुला नाय द्यायचा. नवा घे."

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. त्यात शेजारची काकू मध्ये पडली, दुसऱ्याच्या तोंडातलं उष्टं कशाला गं लावतेस तोंडाला, म्हणे. बापाचं उष्टं लेकीला कधीपासून चालेनासं झालं? लहानपणी मी त्याच्याच ताटात जेवले, तेव्हा ही काकू कुठे गेली होती?

रविवारी नवऱ्याला घेऊन पालघरला एका दुकानात गेले. दुकानदार बोलायचा तो फक्त नवऱ्याशी. "साहेब, वाजवणार कोण?" नवऱ्याने माझ्याकडे हात केला, तर हा म्हणतो, "मग ताईंना हार्मोनियम दाखवू का?" मी म्हटलं, दाखवा, गळ्यात अडकवून वरातीत नाचते. मग कुठे त्याने कपाटातून चकचकीत सोप्रानो काढला. जरा फुंकून बघते म्हटलं तर आडवा हात घातला. फुंकला की उष्टा झाला, मग घ्यावाच लागेल, म्हणे. आम्ही पापलेटचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाही, आणि हा शहाणा मला न वाजवता सॅक्सोफोन घ्यायला सांगत होता. मी उठलेच. नवरा म्हणाला, "अगं, थांब तरी." त्याला तिथेच सोडून मी शिरगावची रिक्षा धरली.

आता बाबा काही म्हणो, जुना वाजा घेऊनच परत फिरायचं, असं ठरवून घरात शिरले. पाहते तर कपाटावरची वाज्याची पेटी गायब.

"बोईसरच्या बँडात एक बापया हाय," बाबा म्हणाला, "सकाळी घेऊन गेला."

मग माझ्या तोंडाला धरबंद राहिला नाही. परक्या बाप्याला दिलास आणि पोटच्या पोरीला नाही? लग्न होईपर्यंत तुझा वाजा कोणी तापवला? माझ्या फुंकरीवर तू गावभर मिरवलास, आणि मी मागितला तर माझ्यासमोर पेटी बंद? बाबाने सगळं ऐकून घेतलं. मी दमले तेव्हा बोलला.

"वाजा खराब हाय. तू सासरी गेल्यावर खाऱ्या हवेनं चाव्यांखालची पॅड खाल्लीत. खालचे सूर कवा लागतात, कवा चिरकतात. मी इतकी वर्सं चाव्या दाबून दाबून निभावलं. त्याला समदं सांगून दिलाय."

"मग मला सांगायचंस. दुरुस्त करून घेतला असता."

"दोनदा केला. नाय टिकत. त्या बापयाचं चुकलं तं लोक बोलतील, वाजा जुना हाय. तुझं चुकलं तं वाज्याकडं कोण बघनार नाय. बोलतील, बाईला जमला नाय."

माझा राग गेला, असं समजू नका. दुप्पट झाला. फक्त आता तो बाबावर काढता येईना. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्याच दुकानात गेले, एकटी. सोप्रानो उचलला आणि दुकानदार हूं की चूं करायच्या आत तोंडाला लावला. वरपासून खालपर्यंत सगळे सूर वाजवले. एकही चिरकला नाही, हे कबूल करते. घेतला.

बँडमधली जागा मला मिळाली, हे आधीच सांगून टाकते. पण त्या हळदीत चार गाणी सुरेख झाली आणि पाचव्याला माझं बोट घसरलं. एक सूर चिरकला. चूक माझीच, वाजा बिचारा कोरा करकरीत. मांडवातल्या माना वळल्या, आणि पुढच्या खुर्चीतला म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बाई हाय ना." त्याच गाण्यात माझ्या बाजूचा ट्रम्पेटवाला दोनदा सपशेल घसरला. त्यावर तोच म्हातारा हळहळला, "ट्रम्पेट जुना झाला वाटतं बिचाऱ्याचा."

तो ट्रम्पेट त्याने गेल्याच महिन्यात नवा घेतला होता.