प्रणालीच्या पिच्चरातली देवी

अगं, अशी जवळ सरक. आणि चाळल्यासारखं वाचू नकोस बाई — अर्धं वाचायचं नि मध्येच चहा ठेवायला उठायचं, ही कसली खोड? आज जरा बसून राहा. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकाला नाही. देवीला सांगावं तर तिची लाज जास्तच.

आमच्या मंगळवार पेठेत, गल्लीच्या तोंडाला, देवीचं लहानसं देऊळ आहे. दर शुक्रवारी आरतीला माझ्या अंगात यायचं. बायका ओटी घेऊन थांबायच्या. कुणी लेकराचं विचारायची, कुणी नवऱ्याचं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं लिहिणं-वाचणं पेपरावर बोट ठेवून मीच शिकले — पण त्या दिवशी शिकलेल्या बायकासुद्धा माझ्यापुढं हात जोडून उभ्या. खरं यायचं का, विचारशीलच. पहिल्यांदा आलं ते खरं होतं, असं मी आजही म्हणेन. नंतरचं... नंतरचं मी आणत होते. बायका वाट बघायच्या, काय करणार? पण मला सांगायचंय ते हे नव्हे. एवढंच असतं तर बरं झालं असतं.

आमच्या वरच्या खोलीत हुपरीचं एक कुटुंब भाड्यानं राहायचं. लेकीला कोल्हापूरची शाळा मिळावी म्हणून आलेलं. लेक प्रणाली — नववीत, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा सदा चालू. शाळेच्या गॅदरिंगला दाखवायला तिनं नि मैत्रिणींनी मोबाईलवर पिच्चर काढायला घेतला. गोष्ट काय, तर गणिताच्या पेपराला एका पोरीच्या अंगात येतं. हेडमास्तर लोटांगण घालतात. देवी फर्मावते, आठवडाभर नुसता खेळाचा तास ठेवा. मास्तर लोक बदलीचं विचारायला रांग लावतात, शिपाई उदबत्ती ओवाळतो. शेवटी गणिताच्या बाई नारळ ठेवून विचारतात, "आई, तुला समदं ठावं हाय. सात आठे किती?" — आणि देवी अडकते. मी पोट धरून हसले. अजूनही हसू येतं गं.

"आज्जी, मला घुमायला जमंना झालंय," ती म्हणाली. "पोरी म्हणत्यात, थंडी वाजल्यागत दिसतंय. तू शिकीव की."

आणि मी शिकवलं. भर दुपारी, गच्चीवर, दाराला कडी घालून. मानेपासून सुरुवात करायची नाही, टाचेपासून करायची. टाच हलली की गुडघा हलतो, मग कंबर; केस आपसूक मागनं येतात. डोळे पुरते मिटायचे नाहीत — पडलीस म्हणजे? पोरगी बघतच राहिली. "म्हंजे आज्जी, तू पण..." म्हणाली. मी तिच्या गालाचा चिमटा घेतला. दोघी हसलो. माझं ते गुपित ठाऊक असणारं जगात एकच माणूस, आणि ते नववीतलं. पण किती हलकं वाटलं होतं मला त्या दिवशी.

गॅदरिंगला पिच्चर गाजला. मग कुणीतरी तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. शुक्रवारी आरतीला देऊळ भरलं — देवीची टिंगल केली म्हणून. प्रणालीला तिच्या बापानं दंडाला धरून आणलेलं. माणसं थोडी बडबडून घरी गेली असती, असं मला आता वाटतं. पण तालमीतला एकजण म्हणाला, "एवढं हुबेहूब घुमायला शिकवलं कुणी हिला?"

माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नसेल. मला वाटलं, सगळे बघतायत.

"मी शिकवलं" — एवढंच तर म्हणायचं होतं. ते मी म्हणाले नाही. मी केस सोडले. घुमायला लागले. आणि देवीच्या आवाजात म्हणाले, "हिला कुणी शिकवलं न्हाय. हे हिच्याच डोसक्यातलं पाप हाय. माझ्या दारात नाक घासू दे हिला."

देवीचा शब्द. बाप काय करणार?

पोरगी पुढं आली. वाकण्याआधी तिनं माझ्या टाचेकडं बघितलं, मग तोंडाकडं. माझे डोळे कुठं पुरते मिटलेले? मला सगळं दिसत होतं. तिनं तोंड उघडलं असतं तर मी तिथंच संपले असते. तिनं उघडलं नाही. वाकली, घासलं. दगड खरबरीत, नाकाचं साल निघालं. मी घुमतच राहिले — थांबले असते तर कळलं असतं ना.

महिन्याभरात त्यांनी खोली सोडली. जाताना प्रणाली माझ्या पाया पडली, रीत म्हणून. तिची आई म्हणाली, "आज्जी, तुमच्यामुळं पोरीच्या मागची पीडा टळली बघा." मी त्या माउलीच्या हातावर साखर ठेवली.

आता ती हुपरीत घरीच पैंजणांना घुंगरू जोडते. दहावी केली, पुढं नाही. भावाच्या लग्नात सगळ्यांनी व्हिडिओ काढले, हिनं मोबाईल हातात धरला नाही. आईनं फोनवर सांगितलं — शांत झाली, वळण लागलं म्हणाली. विचारलं तेवढंच बोलते म्हणे.

हुपरी कितीशी लांब? बस सारख्या असतात. मी दोनदा स्टँडपर्यंत गेले नि परत आले. घुमणं मात्र पुढं वर्षभर चालूच होतं. थांबलं ते गुडघे गेले म्हणून. पश्चात्तापानं थांबलं असं कुणी समजू नये, तू तर नकोच.

माफी मी तुझ्याकडं मागत नाही. ती तुझ्याजवळ नाहीच. सवड काढ नि ये एकदा, लौकर ये. मात्र आलीस की माझ्या पाया पडू नकोस.