टीव्हीतली मेणबत्ती
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला, की मला सणसरची बालवाडी आठवते. तालुक्याहून आलेल्या एका बाईंनी भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ लावून देशोदेशींच्या लहान मुलांच्या छोट्या फिल्म दाखवल्या होत्या. बर्फातली, होडीतली मुलं आम्ही गपगार पाहिली. मग पडद्यावर एक मुलगी आली. तिनं दात घासले, आईकडून वेणी घालून घेतली आणि घरातल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून हात जोडले, अगदी आमच्या वस्तीत जोडतात तसे. शाळेला उशीर होत होता. निघताना ज्योत विझवायला तिनं गाल फुगवले. मेणबत्ती तोंडानं फुंकायची नाही, हे आमच्या घराघरात बजावलेलं. वस्तीतली सगळी पोरं एकदम ओरडली, "आगं, फुंकू नगं!" ती थबकली, तिनं वर बघितलं आणि हातानं वारा घालून ज्योत विझवली. मी धावतच घरी गेले. "आये, तिनं आमचं ऐकलं!" पीठ मळता मळता आई म्हणाली, "ऐकणारच की! तिच्याबी आईनं तेच सांगितलं आसंल." आज सकाळी माझ्या लेकीनं मेणबत्तीपुढं गाल फुगवले. इतकी वर्षं शहरात काढूनही माझ्या तोंडून निघालं, "फुंकू नगं!" तिनं वर बघितलं, अगदी त्या मुलीसारखं.