अर्ध्या दाढीचा गृहप्रवेश

“यल्ला, चला, शिरा आत! मुहूर्त निसटतोय!” पहाटे पाचला, शारजातल्या अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून मी लॅपटॉपवर असा ओरडलो, की वरच्या मजल्यावरच्यांनी पाय आपटले.

पलीकडे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, माझी धाकटी बहीण सुनीता नव्या घराच्या दारात उभी. गृहप्रवेश तिथल्या दुपारी बाराला आणि व्हिडिओवरून मंत्र सांगणार मी! (पेशाने अकाउंटंट; पण शारजातले निम्मे सत्यनारायण माझ्याच नावावर आहेत.) तिच्या सासूबाईंना तिथलेच खरे गुरुजी हवे होते. “माझा दादा आहे ना!” असं छातीठोक सांगून सुनीताने माहेरची सगळी अब्रू माझ्या घड्याळावर टांगली होती.

“अहो, वेळ नक्की ना?” बायकोने विचारलं.

“अगं, अठरा वर्षं आखातात काढलीत! इंडियाला फोन लावताना झोपेतसुद्धा दीड तास मिळवतो मी. सिडनीच्या साडूंना विचारलंय. उन्हाळ्यासाठी ऑस्ट्रेलियाची घड्याळं तासभर पुढे गेलीत. म्हणजे तिथे आत्ता बारा!”

“दादा, पण अजून...” सुनीता.

“पण-बिण खलास! मिलिंदराव कुठेत?”

माझे मेहुणे मिलिंदराव अंगणात गाडीच्या आरशात बघून दाढी करत होते.

“दादा, ऐक ना रे...”

मंत्रांत व्यत्यय नको म्हणून मी तिला म्यूट केलं.

मग काय! मिलिंदरावांनी कलश उचलला आणि एका गालावर फेस घेऊन उंबरठा ओलांडला. सुनीताने धावत जाऊन दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं, जळलं, धूर झाला, आणि छताला लावलेला धुराचा अलार्म, म्यूटमुळे मला नुसता लाल लुकलुकताना दिसला तरी, तिथे माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत मंत्र म्हणू लागला! सासूबाई खुर्चीवर चढून त्याला पाटाने बडवू लागल्या. मला मंत्र आठवेनात, म्हणून मी सरळ आरतीच सुरू केली! तेवढ्यात सुनीताने मनगट कॅमेऱ्यात खुपसलं. घड्याळात अकरा!

“बंद पडलंय ते!” मी.

सोफ्यावरून आमची कन्या डोळे चोळत म्हणाली, “बाबा, ब्रिस्बेन डझन्ट चेंज क्लॉक्स. ओन्ली सिडनी साइड डझ.”

एकाच देशात दोन हिशेब! आणि अकाउंटंट मी!

मी सुनीताला अनम्यूट केलं. तिने घड्याळ आणखी जवळ आणलं.

“ही... रंगीत तालीम समजा,” मी म्हणालो. “मुहूर्ताला अजून तासभर आहे.”

सासूबाई खुर्चीवरून उतरल्या, पाट खाली ठेवला आणि म्हणाल्या, “तासभर पुष्कळ झाला. मिलिंद दाढी पुरी करेल, मी गुरुजी शोधते.”