सागवानी बंपर

चांद्याहून सावलीला आम्ही दोघंच जीप चालवायचो, तो आणि मी. दोन्ही जीप लष्कराच्या लिलावातल्या, मागं फळ्या ठोकून सवाऱ्यांसाठी लांबवलेल्या. पण त्याचं स्टेअरिंग दोन बोटांनी वळायचं आणि माझ्याला खांद्याचा जोर लावावा लागायचा. सवाऱ्याही आधी त्याच्याच जीपमध्ये चढायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तो चहाला गेला की मी त्याच्या जीपखाली शिरायचो. तिथं दिसायचं ते साधं ताजं ग्रीस. मी दुप्पट ग्रीस भरलं, स्टेअरिंगचे सांधे बदलले, तरी फरक शून्य.

शेवटी लाज सोडून त्यालाच विचारलं. त्यानं माझं स्टेअरिंग एकदा फिरवलं, खाली उतरला आणि पुढच्या बंपरवर थाप मारली. "एवढं सागवान समोर काऊन लादलं, भाऊ? सारं वजन पुढच्या चाकाईवर येऊन राह्यलं. काढून टाक."

अख्ख्या तुळईचा तो बंपर मी सुताराकडून मुद्दाम करवून घेतला होता, त्याच्या जीपपेक्षा माझी उठून दिसावी म्हणून.

त्याचं बरोबर होतं, हे मला तिथंच कळलं. पुढची तीन वर्षं मी रोज खांद्याला तेल चोळलं, पण बंपर काढला नाही.